पांच कायदे आणि एक धुरांडें

घर स्वच्छ करणें हें काम असें आहे कीं, तें उत्तम झालें म्हणजे दिसेनासें होतें. लादी चकचकीत झाली, जळमटें गेलीं, मोरीचा वास थांबला, कीं आपण त्या स्वच्छतेकडे समाधानानें पाहतों. ती स्वच्छता करणारा माणूस जातांना आपल्या अंगावर काय घेऊन गेला, याची चौकशी आपल्या मनांत येत नाहीं. घरांतील घाण घरांतून गेली एवढें आपल्याला पुरे होतें. पण ती गेली कोठें? कांहीं गटारांत गेली, कांहीं उकिरड्यावर गेली, आणि कांहीं त्या माणसाच्या फुप्फुसांत, डोळ्यांत आणि कातडींत गेली. या शेवटच्या हिश्शाची जबाबदारी कोणाची? घरमालकाची, कामाचा मक्ता घेणाराची, सरकारची, कीं ज्याच्या वांट्याला तो हिस्सा आला त्याची स्वतःची?

हा प्रश्न आजच्या काळाचा वाटतो. परंतु इंग्लंडांत त्यावर ८७ वर्षें वाद चालला. इ. स. १७८८ पासून १८७५ पर्यंत त्या देशाच्या पार्लमेंटनें सफाईच्या एकाच धंद्याविषयीं एकामागून एक पांच कायदे केले. पहिले चार फसले आणि पांचवा लागू पडला. ते चार कां फसले आणि पांचव्यांत असें कोणतें औषध होतें, ही हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. धंदा होता घरोघरचीं धुरांडीं झाडण्याचा.

आपल्या इकडील जुन्या घरांत चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढीत असे. त्यामुळें धुरांडें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गिरणीचेंच धुरांडें उभें राहतें. इंग्लंडांतील घराची गोष्ट वेगळी. थंडीच्या त्या देशांत प्रत्येक मोठ्या खोलींत शेगडीसाठीं भिंतींत कोनाडा असे आणि तेथून धूर नेणारी पोकळ नळी भिंतीच्या आंतून छपरापर्यंत जाई. पूर्वीं लांकूड जळत असे तेव्हां या नळ्या ऐसपैस असत. पुढें दगडी कोळसा घरोघर आला. १६६६ सालच्या भयंकर आगीनंतर लंडन शहर नव्यानें उभें राहिलें. घरें उंच व दाटीचीं झालीं, आणि कोळशाच्या विस्तवाला ओढ चांगली मिळावी म्हणून नळ्या अरुंद होत गेल्या. कांहीं तर अवघ्या ९ इंच चौरस! शिवाय अनेक खोल्यांच्या नळ्या छपरावर एके ठिकाणीं आणावयाच्या, म्हणून त्या सरळ न जातां वांकत, आडव्या होत, पुन्हां वर चढत. कोळशाची काजळी मोठी चिकट. ती सांचली म्हणजे धूर खोलींत उलटतो, आणि एखादे दिवशीं ती काजळीच पेट घेते. म्हणून धुरांडें वेळोवेळीं झाडणें ही कांहीं चैन नव्हती. घर जळूं नये म्हणून तें करावेंच लागे.

९ इंचांच्या नळींत मोठा माणूस मावत नाहीं. मावतें तें पांच-सात वर्षांचें मूल. सगळ्या दुर्दैवाचें मूळ या साध्या मापांत आहे.

या धंद्याचा मालक म्हणजे एक लहानसा मक्तेदारच असे. त्याच्यापाशीं कांहीं पोरें उमेदवार म्हणून ठेवलेलीं असत. त्यांतील कांहीं अनाथ पोरें गांवच्या धर्मादाय अधिकाऱ्यांनीं त्याच्या हवालीं केलेलीं, तर कांहीं गरीब आईबापांनीं चार पैसे घेऊन दिलेलीं. मूल जितकें लहान, तितकी त्याची किंमत अधिक. शेगड्या पेटण्यापूर्वीं काम उरकावयास हवें, म्हणून मालक पोरांना घेऊन पहांटेच निघे. पोर डोक्यावरची टोपी तोंडावर ओढून, हातांत कुंचा व खरवडणें घेऊन नळींत शिरे. पाठ एका भिंतीला व गुडघे दुसऱ्या भिंतीला टेंकून, कोंपरांच्या जोरावर तें इंच इंच वर सरके. खरवडलेली काजळी त्याच्या अंगावरूनच खालीं पडे. नव्या पोराचीं कोंपरें व गुडघे सोलून निघत. तेथील कातडी राठ व्हावी म्हणून तिच्यावर तीव्र खारें पाणी चोळून पोराला विस्तवापुढें उभें करीत. ही क्रिया १८६३ सालच्या सरकारी चौकशींत या धंद्यांतील एका मालकानें स्वतःच्या तोंडानें सांगितलेली आहे. वांकणापाशीं पोराचे गुडघे हनुवटीशीं दुमडून तें अडकलें, किंवा सैल काजळीचा ढीग अंगावर कोसळला, तर तें तेथेंच गुदमरे. मग त्याला बाहेर काढण्यासाठीं भिंत फोडावी लागे.

खालीं पडलेली काजळी फुकट जात नसे. शेताला खत म्हणून ती विकली जाई, म्हणजे मालकाला दोहोंकडून पैसा. त्या काजळीचीं पोतीं हेंच पोरांचें अंथरूण आणि तेंच पांघरूण. या धंद्याचा जमाखर्च मांडून पाहिला तर मौज दिसते. घरवाल्यानें दिलेली मजुरी वहींत जमा होई. काजळीची विक्रीही जमा होई. परंतु पोराचा खोकला, सुजलेले डोळे आणि वांकलेलीं हाडें खर्चीं पडत नसत. तो खर्च होत नव्हता असें नाहीं. तो दुसऱ्याच्या नांवावर पडत होता, इतकेंच.

या लपलेल्या खर्चाची पहिली नोंद एका शस्त्रवैद्यानें केली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं असें दाखवून दिलें कीं, धुरांडीं झाडणाऱ्या लोकांना अंडकोशाच्या त्वचेवर एक विशिष्ट व्रण होतो. त्याला गुप्तरोग समजून वैद्य पाऱ्याचीं औषधें देत असत. पॉट यांनीं सांगितलें कीं, हा कर्करोग आहे, आणि त्वचेच्या घड्यांत सांचून राहणारी काजळी हें त्याचें कारण आहे. अमुक धंद्यांतील अमुक द्रव्यामुळें कर्करोग होतो, असें वैद्यकाच्या इतिहासांत स्पष्टपणें मांडलें गेलें तें हें प्रथमच.

यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पोर सहाव्या-सातव्या वर्षीं धुरांड्यांत शिरे. रोग दिसे तो बहुधा ऐन तारुण्यांत किंवा त्याच्याही नंतर. तोंपर्यंत उमेदवारी संपलेली, मालक बदललेला किंवा मेलेला, आणि ज्या घरांचीं धुरांडीं झाडलीं त्या घरांची आठवणही पुसलेली. कारण आणि परिणाम यांच्यामध्यें अशीं अनेक वर्षें पडलीं म्हणजे जबाबदारी त्या अंतरांतून सहज निसटते. छपरावरून पडून मेलेल्या माणसाचा पंचनामा होतो. पंचवीस वर्षांनीं रुग्णालयांत मेलेल्या माणसाचा होत नाहीं.

वास्तविक उपाय अवघड नव्हता. पॉट यांच्या लेखानंतर तीनच वर्षांनीं, १७७८ सालीं, डेन्मार्कमधील धुरांडीं झाडणारांच्या संघानें आपल्या लोकांना रोज स्नान करण्यास सांगितलें. इंग्लंडांत मात्र रोगाचें कारण सांपडलें आणि तें पुस्तकांतच राहिलें.

तेथें या पोरांचा कैवार घेणाऱ्यांत जोनास हॅन्वे यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. हे व्यापारी गृहस्थ. पुरुष असून लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडतात म्हणून लोक त्यांना हंसत असत. त्यांनीं पुष्कळ वर्षें लिहून व खटपट करून लोकमत जागें केलें. १७८६ सालीं ते वारले आणि १७८८ सालीं पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलगा उमेदवार ठेवूं नये; एका मालकापाशीं सहांपेक्षां अधिक उमेदवार नसावे; त्यांना धड कपडे द्यावे; आठवड्यांतून एकदां त्यांना आंघोळ घालावी; रविवारीं प्रार्थनेला पाठवावें, अशीं त्यांतील कलमें होतीं. वाचावयास किती छान! पण मूळ मसुद्यांत आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक मालकानें परवाना घेतला पाहिजे, अशी ती तरतूद. लॉर्डांच्या सभेनें नेमकी तीच काढून टाकली. परवाना नाहीं, म्हणजे मालकांची यादी नाहीं. यादी नाहीं, म्हणजे तपासणी नाहीं. आणि पाहणारा कोणी नाहीं तर आठ वर्षांचा मुलगा कोणता व सहा वर्षांचा कोणता, हें काजळीनें माखलेल्या तोंडावरून कोणी ठरवावयाचें? कायदा मेलेलाच जन्मास आला.

यानंतर पंधरा वर्षांनीं कांहीं भल्या लोकांनीं निराळा मार्ग धरला. कायद्यानें पोर धुरांड्याबाहेर राहत नसेल तर पोराची गरजच उरूं नये, असें एखादें यंत्र शोधावें म्हणून त्यांनीं १८०३ सालीं लंडन येथें एक संस्था काढली. जॉर्ज स्मार्ट यांनीं असें साधन केलें. पोकळ दांड्या एकीला एक जोडावयाच्या, त्यांच्या आंतून दोरी ओंवावयाची, आणि टोंकाला कुंचा बसवून तो खालून वर चढवावयाचा. १८०५ सालीं या साधनाबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें. १८२८ सालीं ब्रिस्टलच्या जोसेफ ग्लास यांनीं लवचिक वेताच्या कांड्या वापरून त्यांत अशी सुधारणा केली कीं, धुरांडें हातानें झाडण्याचें आजचें साधनही मूलतः तेंच आहे. स्कॉटलंडांत एडिंबरो शहरीं तर छपरावर उभें राहून, दोरीला जड गोळा व कुंचा बांधून तो खालीं सोडण्याची रीत होती. म्हणजे मूल न घालतां धुरांडें झाडणें शक्य होतें, हें त्या काळच्या इंग्लंडाला ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं.

मग यंत्र कां चाललें नाहीं? १८१७ सालीं कॉमन्स सभेच्या समितीनें या धंद्याची चौकशी केली तेव्हां याचें उत्तर बाहेर आलें, आणि तें सुशिक्षित घरांना लाज वाटावी असें होतें. यंत्र नको म्हणणारांत स्वतः घरवालेच होते. यंत्रानें काजळी गालिच्यावर सांडेल ही एक भीति. दुसरें असें कीं, वांकड्या धुरांड्यांत यंत्र फिरावें म्हणून वांकणापाशीं भिंत उघडून दार बसवावें लागे, आणि त्याचा खर्च घरवाल्याच्या माथीं बसे. पोर पाठविलें कीं खर्च नाहीं, सांडलवंड नाहीं. धंद्याचा मालक म्हणे, गिऱ्हाइकाला पोरच हवें, मी काय करूं? गिऱ्हाईक म्हणे, धंदा त्याचा आणि रीत त्याची, मी काय करूं? दोघांच्याही म्हणण्यांत थोडें तथ्य होतें. आणि दोघांच्या मध्यें पोर धुरांड्यांत होतें.

१८१९ सालीं पोरांना धुरांड्यांत चढविण्याची प्रथा बंद करण्याचें बिल कॉमन्स सभेनें मंजूर केलें. लॉर्डांच्या सभेनें तें फेंटाळलें. सिडनी स्मिथ हे त्या काळचे मोठे विनोदी आणि अंतःकरणाचे चांगले लेखक. त्यांनीं त्याच वर्षीं या पोरांच्या हालांचें वर्णन एका लेखांत केलें. पण शेवटीं त्यांचाही निष्कर्ष असा कीं, जुन्या मोठ्या घरांतील कांहीं धुरांडीं पोरांवांचून झाडतां येणार नाहींत, सबब सरसकट बंदी करतां येत नाहीं. दया येणें आणि गैरसोय सोसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दुसरा कायदा १८३४ चा. त्यानें उमेदवाराचें वय दहावर नेलें, आणि उमेदवारीचा करार होण्यापूर्वीं मॅजिस्ट्रेटनें पोराला समक्ष विचारावें कीं, बाबा रे, तुला हा धंदा पसंत आहे ना? दहा वर्षांच्या उपाशी पोरानें, मालक शेजारीं उभा असतांना, या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचें! तिसरा कायदा १८४० चा. हा फार पुढें गेला. २१ वर्षांखालील कोणालाही धुरांड्यांत चढवूं नये, आणि १६ वर्षांखालील मुलाला या धंद्यांत उमेदवार ठेवूं नये, असें त्यानें ठरविलें. नवीं धुरांडीं कशीं बांधावीं याचेही नियम घातले. आणि लोकांना तयारीसाठीं १८४२ पर्यंत मुदत दिली. कागदावर प्रश्न येथेंच संपला.

प्रत्यक्षांत तो संपला नाहीं. लंडनमध्यें कायद्याचा कांहींसा परिणाम झाला. इतर शहरांत व खेड्यांतील वाड्यांत पोरें चढतच राहिलीं. याचें कारण समजण्यास मोठें कायदेपांडित्य नको. गुन्हा घडे तो दुसऱ्याच्या घरांत, बंद दाराआड, पहांटेच्या वेळीं. साक्षीदार तीनच: मालक, पोर आणि घरांतील माणसें. मालक बोलणार नाहीं, पोर बोलूं शकत नाहीं, आणि घरांतील माणसें स्वतःच्या विरुद्ध कशाला बोलतील? त्यांतून खटला उभा राहिलाच तर ज्या मॅजिस्ट्रेटपुढें तो चाले, त्याच्या स्वतःच्या वाड्यालाही जुनीं वांकडीं धुरांडीं असत. याहून वाईट गोष्ट अशी कीं, कायदा पाळून यंत्रानें काम करणाऱ्या मालकांचें गिऱ्हाईक तुटूं लागलें आणि तें पोर पाठविणाऱ्या मालकांकडे जाऊं लागलें. ज्या कायद्यानें प्रामाणिकाचें नुकसान आणि लबाडाचा फायदा होतो, तो कायदा फार दिवस टिकत नाहीं.

१८६३ सालीं पुन्हां सरकारी चौकशी झाली आणि तिच्या अहवालानें सर्वांचे डोळे उघडले. त्याच वर्षीं चार्ल्स किंग्जले यांची ‘द वॉटर बेबीज’ ही बालकथा पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तिचा नायक धुरांडीं झाडणारा एक पोर आहे. घरोघर मुलें ती कथा वाचूं लागलीं, आणि अनेक घरांत त्या वाचणाऱ्या मुलांच्याच वयाचें दुसरें मूल भिंतीच्या आंत होतें. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं, ज्यांनीं गिरण्या व खाणींतील मुलांसाठीं आपलें आयुष्य वेंचलें होतें, १८६४ सालीं चौथा कायदा करविला. घरांत धुरांडें झाडतांना मालकानें १६ वर्षांखालील मदतनीस बरोबर नेऊं नये असें त्यांत ठरलें, आणि दंडाबरोबर सक्तमजुरीच्या कैदेचीही तरतूद झाली. शिक्षा वाढली, पण ती घडवून आणणें हें कोणाचें काम, तें ठरलें नाहीं. हाही कायदा बराच काळ कपाटांत पडून राहिला.

अखेरचा बळी १८७५ च्या फेब्रुवारींत पडला. केंब्रिजजवळ फुलबोर्न येथील वेड्यांच्या रुग्णालयाचीं धुरांडीं झाडण्यासाठीं जॉर्ज ब्रूस्टर नांवाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आंत चढविण्यांत आलें. तो अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलें, पण थोड्याच वेळांत तो मरण पावला. ही घटना एखाद्या आडगांवच्या सरंजामदाराच्या वाड्यांत घडली नाहीं. लोकांच्या आरोग्यासाठीं लोकांच्या पैशानें चालविलेल्या सार्वजनिक रुग्णालयांत घडली. धंद्याच्या मालकावर मनुष्यवधाचा खटला होऊन त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी मिळाली.

लॉर्ड शाफ्ट्सबरी तेव्हां ७४ वर्षांचे होते. त्यांनीं त्याच वर्षीं पांचवा कायदा मंजूर करून घेतला. या कायद्यांत वयाची नवी मर्यादा नव्हती, कीं दयेचीं नवीं कलमें नव्हतीं. धुरांडीं झाडण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येक मालकानें आपल्या भागांतील पोलिसांच्या मुख्याकडून दर वर्षीं परवाना घेतला पाहिजे. आधींचे कायदे मोडणाराचा परवाना जाईल. आणि हे कायदे पाळले जातात कीं नाहीं हें पाहणें पोलिसांचें कर्तव्य राहील, एवढीच त्यांतील मुख्य गोष्ट. म्हणजे १७८८ सालीं लॉर्डांनीं खोडलेली तरतूदच ८७ वर्षांनीं परत आली. आणि कांहीं वर्षांतच पोरांना धुरांड्यांत चढविण्याची प्रथा इंग्लंडांतून नाहींशी झाली.

श्रोतेहो, या हकीकतीचें सार मला असें दिसतें. पहिल्या चार कायद्यांनीं ‘असें करूं नये’ असें सांगितलें. पांचव्यानें ‘असें झालें तर जाब कोण देईल’ हें ठरविलें. निषेध सर्वांना उद्देशून असतो, म्हणून तो कोणालाच लागत नाहीं. जबाबदारीला मात्र नांव लागतें, पत्ता लागतो, ती पाहणारा माणूस लागतो, आणि ती टाळली तर धंदाच बुडेल अशी धास्ती लागते. दंड भरून धंदा चालूं राहतो. परवाना गेला कीं धंदा थांबतो. मालकाला हा फरक उपदेशावांचून समजतो.

तथापि या विजयाचीही एक मर्यादा होती, ती सांगितलीच पाहिजे. मुलें सुटलीं, पण काजळी तीच राहिली. १८९२ सालीं हेन्री बटलिन या शस्त्रवैद्यानें असा प्रश्न विचारला कीं, इंग्लंडांतील धुरांडीं झाडणाऱ्या प्रौढ लोकांना कर्करोग होतो, मग जर्मनीसारख्या देशांत तो क्वचितच कां आढळतो? त्यांना दिसून आलें कीं, तिकडील कामगार अंगाशीं घट्ट बसणारा, काजळी आंत शिरूं न देणारा पोशाख घालतात आणि काम झाल्यावर सर्वांग धुतात. पुढें १९१५ सालीं जपानमध्यें यामागिवा व इचिकावा या शास्त्रज्ञांनीं सशाच्या कानाला डांबर पुनःपुन्हां चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ सालीं लंडनमध्यें त्यांतील बेंझोपायरीन हें घातक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पॉट यांचें म्हणणें अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं पूर्णपणें सिद्ध झालें. परंतु सिद्धतेची वाट न पाहतां पोशाख आणि पाणी देतां आलें असतें. अमुक माणसाला कामावर ठेवूं नये, हा जबाबदारीचा अर्धा भाग. ज्याला ठेवलें तो धडधाकट घरीं जाईल हें पाहणें, हा दुसरा अर्धा.

लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचा आणि आपल्या मुंबईचा एक संबंध येथें सांगण्याजोगा आहे. त्याच १८७५ सालीं त्यांनीं लॉर्डांच्या सभेंत हिंदुस्थानांतील गिरण्यांतल्या मुलांचा प्रश्न काढला, आणि त्याच वर्षीं मुंबईंत गिरण्यांच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें. या चळवळीमागें लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थही होता, हें खरें. तरी तिचें फळ म्हणून १८८१ सालीं आपल्याकडील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कारखान्यांत मज्जाव झाला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा पडली. परंतु तो कायदा कारखान्याच्या भिंतींच्या आंतच राहिला. घरोघर जाऊन, रस्त्यांत, गटारांत आणि टाकींत उतरून सफाई करणाराला त्याचा कांहीं उपयोग नव्हता. इंग्लंडांत गरिबीमुळें मूल धुरांड्यांत जाई; आपल्याकडे जन्मामुळें माणूस मैल्यांत जाई, आणि तो त्याचा धर्मच आहे असें म्हणून समाज जबाबदारीतून मोकळा होई. धुरांड्यापेक्षां ही नळी अधिक अरुंद होती; तिच्यांतून मोठेपणींही बाहेर पडतां येत नसे.

स्वतंत्र भारतांत मैला हातानें वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ सालीं कायदा झाला आणि २०१३ सालीं त्याहून व्यापक असा दुसरा झाला. या दुसऱ्या कायद्यानें, संरक्षक साधनें न देतां व खबरदारी न घेतां कोणालाही गटारांत किंवा मैल्याच्या टाकींत उतरविणें हा गुन्हा ठरविला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा कामांत मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लक्ष रुपये देण्याचा आदेश दिला; २०२३ सालीं ही रक्कम ३० लक्ष केली. तरी माणसें उतरतच राहिलीं. डिसेंबर २०१९ मध्यें मुंबईंत गोवंडी येथें एका गृहसंस्थेच्या मैल्याच्या टाकींत तीन कामगार मेले. काम खाजगी मक्तेदाराचें होतें, टाकी खाजगी संस्थेची होती. मग मृतांच्या बायकांना भरपाई कोणी द्यावयाची? २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ती प्रथम सरकारनें द्यावी आणि मग जबाबदार असणारांकडून वसूल करून घ्यावी. ‘काम माझें नव्हे, मक्तेदाराचें’ हा धुरांड्यांच्या काळचा जुना पळवाटेचा रस्ता न्यायालयानें त्या विधवांपुरता तरी बंद केला.

अशा टाकींत काय असतें, हेंही सांगून ठेवतों. सांचलेल्या मैल्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु निघतो. तो हवेपेक्षां जड, म्हणून तळाशीं बसतो. थोडा असतांना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो फार झाला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तिच मारतो, आणि उतरणाराला वाटतें, वास गेला, आतां भय नाहीं. पहिला माणूस कोसळला कीं त्याला वांचवावयास दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. यासाठीं आंत माणूस न घालतां पंपानें मैला ओढून काढणारी गाडी आणावी, हेंच उत्तम. ती आज मिळते. जशी १८०५ सालीं स्मार्ट यांची दांडी मिळत होती.

तेव्हां शेवटचा प्रश्न पुन्हां आपल्याच दाराशीं येतो. धुरांड्यांच्या इतिहासांत मालक कठोर होता, लॉर्ड बेफिकीर होते, मॅजिस्ट्रेट डोळेझांक करीत होते. पण या सर्वांना ज्याच्यामुळें बळ मिळालें तो गालिचा जपणारा सभ्य घरवाला होता. आपल्या इमारतीची टाकी उपसावयाची असते, पाण्याची टाकी धुवावयाची असते, चवथ्या मजल्याच्या कांचा बाहेरून पुसावयाच्या असतात. सभेंत तीन मक्तेदारांचे दर वाचले जातात आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो. त्या वेळीं एखाद्या सभासदानें उठून विचारावें कीं, हा दर कमी कशानें झाला? यंत्र आणणार कीं माणूस उतरविणार? कामगाराच्या कमरेला दोर, हातांत मोजे, अंगावर पोशाख कोण देणार? वर उभा राहून लक्ष कोण ठेवणार, आणि कांहीं झालें तर कागदावर कोणाचें नांव आहे? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं नाहींत, तर दर कमी झालेला नाहीं असें समजावें. त्यांतील कांहीं रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरावर मांडलेली आहे. तिची नोंद आपल्या वहींत होणार नाहीं, म्हणूनच ती मांडण्यापूर्वीं आपण विचारलें पाहिजे.